रोझ परेडच्या (कॅलिफोर्नियातल्या पॅसाडीना शहरातली नववर्षाची फुलांची मिरवणूक) फ्लोटवर, म्हणजे सजवलेल्या चित्ररथावर, पहिल्यांदाच बसतोयस? एवढं वाच

अरे मस्तच, अभिनंदन! ॲथलीट आहेस म्हणून स्टॅमिनाचं टेन्शन नाही, पण इथे पळायचं नाहीये, एकाच जागी थांबून साधारण दोन तास हसत हात हलवायचाय आणि तेच जड जातं बघ.

१) थंडी. कॅलिफोर्निया म्हणून लोक नुसत्या जर्सीत येतात आणि कुडकुडतात. परेड सकाळी ८ ला सुटते पण तुला अंधारातच पोचायला लागतं, आणि १ जानेवारीला पॅसाडीनात पहाटे चांगलंच गार असतं, तर आत थर्मल घालच.

२) पाणी बेताने पी, साडेपाच मैल मध्ये उतरता येत नाही. 😅

३) पहिल्या मैलातच जीव तोडून हात हलवू नको. टीव्हीचे कॅमेरे सुरुवातीलाच असतात हे खरं, पण कोलोरॅडो बुलेवार्डवर पुढेही तुफान गर्दी असते. हात बदलत राहा.

४) फुलांना टेकू नको. बाहेरून दिसणारा प्रत्येक इंच फुलं, पानं, बिया असल्या गोष्टींनीच झाकावा लागतो, व्हॉलंटियर्स रात्र रात्र चिकटवत बसतात.

उभा राहणार असशील तर आधार घट्ट धर, फ्लोट चालण्याच्या स्पीडने जातो पण ब्रेकला झटका बसतो. पोझ वगैरेचं नंतर बघू.