पेशींची जाळी अर्ध्या कलेची, मग त्याहून बारीक खोच दिसते कशी?

तुम्ही दोन प्रश्न विचारलेत. पीतबिंदूच्या (डोळ्यातल्या पडद्याच्या, म्हणजे दृष्टिपटलाच्या, सर्वांत तीक्ष्ण नजरेच्या भागाच्या) मध्यावर शंकुपेशी (उजेडात तपशील आणि रंग टिपणाऱ्या पेशी) एकमेकींपासून अर्ध्या कलेवर असतात (एक कला म्हणजे अंशाचा साठावा भाग), मग ६/६ दृष्टीसाठी (सामान्य नजरेला ६ मीटरवरून वाचता येणारी ओळ ६ मीटरवरूनच वाचता येणं) एक कला का धरतात? आणि व्हर्नियरवर (बारीक मोजमापाच्या सरकत्या पट्टीवर) दोन रेघांमधली खोच, म्हणजे एक रेघ दुसरीच्या सरळ रेषेतून किंचित बाजूला असणं, त्याहून कितीतरी बारीक असूनही ती कळते कशी? दोन्हींची उत्तरं वेगवेगळी आहेत. एकाच मापाने दोन्ही मोजायला गेलं की गोंधळ होतो.

आधी तक्त्यावरचं अक्षर डोळ्यात केवढं उमटतं ते बघा. ६ मीटरवरून वाचायच्या ६/६ च्या ओळीतलं अक्षर सुमारे ८.७ मिलिमीटर उंच असतं, म्हणजे ५ कलांचं. दृष्टिपटलावर एक कला साधारण ५ मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), त्यामुळे अख्खं अक्षर तिथे २५ मायक्रॉनमध्ये मावतं. मध्यावर शंकुपेशी अडीच मायक्रॉनच्या आसपास अंतराने बसलेल्या असतात. इंग्रजी ‘ई’च्या तीन आडव्या दांड्या आणि मधल्या दोन फटी, एवढं सगळं जेमतेम दहा पेशींच्या उंचीत! इतकी वर्षं लोकांना तो तक्ता वाचायला लावतोय, तरी हे चित्र डोळ्यांसमोर आलं की मी थक्क होतो.

आता दोन काळ्या रेघा वेगळ्या दिसायच्या, तर त्यांच्यामध्ये निदान एका पेशीला जास्त उजेड मिळायला हवा. म्हणजे एक काळी आणि एक पांढरी पट्टी, अशा जोडीला कमीत कमी दोन पेशी लागणार. अर्ध्या कलेच्या जाळीवर ही जोडी एका कलेत बसते, म्हणजे एका अंशात ६० जोड्या. ६/६ च्या अक्षरात दांडी एक कला आणि फट एक कला, म्हणजे अंशाला ३० च जोड्या. थोडक्यात, ६/६ ही जाळीची मर्यादा नाहीच. तो डच नेत्रतज्ज्ञ स्नेलेनच्या १८६२ च्या तक्त्यापासून चालत आलेला मापदंड आहे, आणि निरोगी तरुण डोळे ६/५, कधी ६/४ ची, म्हणजे त्याहून बारीक, ओळही वाचतात.

मग सगळे जाळीच्या मर्यादेपर्यंत, म्हणजे ६/३ पर्यंत, का पोचत नाहीत? कारण जाळीच्या आधी प्रकाशाला बाहुलीतून आणि भिंगातून जावं लागतं. बाहुली २ मिलिमीटरची झाली की विवर्तनामुळेच (अरुंद भोकातून जाताना प्रकाश पसरतो, त्यामुळेच) अंशाला ६० च्या थोड्या पुढच्या पट्ट्या पुसल्या जातात, आणि ती मोठी झाली की भिंगाचे दोष चित्र फिसकटवतात. हे नुकसान वाटतं, पण त्यात फायदाही आहे. १९८० च्या दशकात दृष्टीचे संशोधक डेव्हिड विल्यम्स यांनी लेझरच्या दोन किरणांच्या व्यतिकरणातून (लहरी एकमेकींत मिसळण्यातून) थेट दृष्टिपटलावर पट्ट्या पाडल्या, म्हणजे भिंगाचा धूसरपणा टाळला. पट्ट्या जाळीपेक्षा बारीक झाल्यावर बघणाऱ्याला नुसता करडा रंग दिसायला हवा होता. दिसल्या मात्र नागमोडी, जाड पट्ट्या, झेब्राच्या अंगावर असतात तशा, ज्या समोर नव्हत्याच. जाळीवर जाळी धरली की लहरी उमटतात, तोच प्रकार. एरवी भिंगाचा धूसरपणा आपल्याला या खोट्या पट्ट्यांपासून वाचवतो.

आता खोचेकडे. २५ सेंटिमीटरवरून १० विकलांची (विकला म्हणजे कलेचा साठावा भाग) खोच म्हणजे ०.०१२ मिलिमीटर, आणि दृष्टिपटलावर ती एका पेशीच्या अंतराच्या तिसऱ्या हिश्शाएवढी. सरावाचा डोळा ती ओळखतो. इथे प्रश्न ‘रेघा दोन आहेत की एक’ हा नसून ‘रेघ नेमकी कुठे आहे’ हा आहे. बारीक रेघेचा उजेड कधीच एकट्या पेशीवर पडत नाही, धूसर होऊन तो चार-पाच पेशींवर पसरतो. रेघ किंचित डावीकडे सरकली, तर डावीकडच्या पेशींना थोडा जास्त आणि उजवीकडच्यांना थोडा कमी उजेड मिळतो. त्या प्रमाणावरून मेंदू मध्य काढतो, तोही रेघेच्या लांबीवरच्या कितीतरी पेशींचा मिळून. म्हणून कृपया पेशींना पिक्सेल समजून तिथेच थांबू नका.

कडेच्या नजरेचा हिशेब वेगळा. मध्यावर जवळजवळ प्रत्येक शंकुपेशीला मेंदूकडे जाणारी स्वतःची वाट असते. कडेला अनेक पेशी मिळून एकच वाट वापरतात, त्यामुळे तिथे पेशींमधल्या अंतरापेक्षा वाटांची संख्या आड येते.

शेवटी एक गोष्ट, जी मला फार महत्त्वाची वाटते. जाळीतलं अंतर घनतेच्या वर्गमुळाने बदलतं. मध्यावरच्या निम्म्या शंकुपेशी गेल्या, तरी अंतर १.४ पटच वाढतं आणि मर्यादा ६० वरून ४२ वर येते. ६/६ ला ३० पुरतात! दृष्टिपटलाच्या काही आनुवंशिक आजारांत खरोखर असं होतं: निम्म्याच्या आसपास पेशी गमावूनही माणूस ६/६ ची ओळ वाचतो. घरात असा आजार असेल, तर नुसता तक्ता वाचून परत येऊ नका. बाहुली मोठी करून दृष्टिपटल तपासून घ्या आणि त्याचा ओसीटी स्कॅनही (दृष्टिपटलाचे थर दाखवणारी तपासणी) करा.