‘डेकू’ म्हणायच्या दोन तऱ्हा

प्रिय मित्रा,

‘माय हीरो अकॅडेमिया’ या जपानी अॅनिमे मालिकेतल्या बाकुगोचा तू पाठवलेला मराठी डबिंगचा नमुना ऐकला. त्याला जपानीत आवाज देणारे ओकामोतो नोबुहिको यांचा आवाज हुबेहूब काढायच्या नादात तुझा घसा आवळला जातोय. नक्कल सोड. पात्र कुणाशी बोलतंय, ते आधी पकड.

एकच शब्द घे, ‘डेकू’. मालिकेचा नायक मिदोरिया, त्याचं नाव इझुकू, पण त्याच कांजी (जपानीतली चित्राक्षरं) ‘डेकू’ अशाही वाचता येतात. ‘डेकुनोबो’ म्हणजे लाकडी बाहुला, आपल्याकडचा ठोंब्या. बाकुगोच्या तोंडी ती शिवी आहे. वर्गमैत्रीण उराराकाला (आवाज साकुरा आयाने) मात्र त्यात ‘हिंमत धर’ असा सूर ऐकू येतो आणि पुढे मिदोरिया तेच नाव हीरो म्हणून मिरवतो. आधी जबडा घट्ट ठेवून म्हण, मग ओठांवर हसू ठेवून. दहा-दहा वेळा, पट्टी न बदलता. फरक कळला नाही तर पुढे जाऊ नकोस.

मराठी संवाद इंग्रजी सबटायटलवरून लिहू नकोस. जपानीत क्रियापद शेवटी येतं, आपल्याकडेही. मूळ क्रम ठेवलास की थांबे आपोआप जुळतात. अडचण सर्वनामांची. स्वतःला मिदोरिया सौम्य ‘बोकू’ म्हणतो, बाकुगो रांगडं ‘ओरे’, मिदोरियाचा गुरू ऑल माइट औपचारिक ‘वाताशी’. आपल्याकडे सगळ्यांना एकच ‘मी’. मग ती कसर हाक आणि क्रियापदातून भरून काढ. बाकुगो ‘ए, सरक’ म्हणेल, शिस्तप्रिय वर्गमित्र इइदा ‘कृपया बाजूला व्हा’. भावनेच्या भरात उराराकाची बोली डोकावते म्हणून तिला थेट मालवणी बोलायला लावू नकोस, उगाच प्रहसन होतं.

तुकडा वीस-तीस सेकंदांचाच घे. पहिल्यांदा चित्र न बघता फक्त श्वास ऐक आणि संहितेवर तिरप्या रेघा मार. मग तोंडं बघ. अॅनिमेत ओठांची चित्रं बहुधा तीनच: मिटलेले, अर्धे, उघडे. अक्षर न् अक्षर जुळवायची गरज नसते. सुरुवात, शेवट आणि क्लोजअपमधले प-ब-म सांभाळ. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटवर रेकॉर्ड कर. माइक वीतभर लांब, साध्या बोलण्याची शिखरं उणे १२ ते उणे ६ डेसिबलमध्ये. किंचाळताना गेन (रेकॉर्डिंगची पातळी) उतरव, पाऊलभर मागे सरक, तोंड जरा तिरपं कर. फाटलेला आवाज नंतर दुरुस्त होत नाही. आरडाओरडा शेवटी ठेव, दहा मिनिटांवर नको; घशात खवखवलं की त्या दिवशी बंद.

खरी परीक्षा ऑल माइटची. ताकद असते तेव्हा तो धिप्पाड, ओसरली की हाडकुळा. जपानीत मियाके केंता एकटेच हे दोन्ही देह बोलतात. केवळ पट्टी चढवून-उतरवून हे साधत नाही, श्वास बदलावा लागतो. धिप्पाड देहाचं वाक्य एका दमात जाऊ दे, हाडकुळ्याचं तीन-चार शब्दांनी तुटू दे.

शेवटी कामिनो इथल्या लढाईनंतरचं ऑल माइटचं ‘त्सुगी वा किमी दा’ (पुढचा तू) घे. लोकांना ती खलनायकांना दिलेली धमकी वाटते, मिदोरियाला मात्र वारसा सोपवल्याचं कळतं. मराठीत ‘आता तुझी पाळी’ एवढ्यात दोन्ही अर्थ मावतात. धमकीचा जोर लावलास तर मिदोरियाचा अर्थ मरेल आणि गहिवरलास तर लोकांचा. बोट कॅमेऱ्याकडे रोखलेलं आहे, अंगात त्राण उरलेलं नाही, एवढंच मनात ठेवून सपाट म्हण. पुढचा नमुना याच वाक्याचा पाठव.