कॉमिक छापून पूरग्रस्तांना मदत: ६० हजार कुठे घालावेत?

प्रश्न : मी वडोदऱ्याला दांडिया बाजारात राहते, निवृत्त शिक्षिका आहे. विश्वामित्रीच्या पुरावर भाचीने आणि तिच्या फाइन आर्ट्सच्या मित्रमंडळींनी ३२ पानांचं रंगीत कॉमिक केलंय. माझी ६० हजारांची एफडी सुटते आहे. त्यातून १,००० प्रती छापाव्यात, १५० रुपयांना विकाव्यात आणि नफा पूरग्रस्तांना द्यावा असा विचार आहे. ऑफसेटवर १,००० प्रतींचे ५८ हजार, डिजिटलवर ३०० प्रतींचे २७ हजार असे दर आलेत. पैसे मुख्यमंत्री निधीला द्यावेत, मोठ्या संस्थेला की गल्लीतल्या मंडळाला? पेन्शन चालू आहे, आजारपणासाठी वेगळे ठेवलेत.

उत्तर : ताई, आजारपणाची सोय वेगळी आहे, तेव्हा हे ६० हजार दानासाठी मोकळे आहेत असं धरून लिहितो.

१,००० प्रतींचा मोह सोडा. कागदावर हिशेब फार गोड दिसतो: प्रत ५८ रुपयांना पडली, १५०ला गेली, ९२ हजार शिल्लक. पण नव्या, अनोळखी चित्रकारांच्या हजार प्रती एका शहरात खपणं अवघड. समजा ४०० गेल्या, त्यातल्या २५० स्टॉलवर आणि १५० दुकानांतून. दुकानदार ४० टक्के कमिशन कापतो, म्हणजे तिथे हातात ९० रुपये येतात. एकूण जमा ५१ हजार, खर्च ५८ हजार. पूरग्रस्तांना एक रुपयाही नाही, आणि ६०० प्रती तुमच्या माळ्यावर.

डिजिटलवर प्रत ९० रुपयांना पडते, महाग वाटते, पण जोखीम निम्म्याहून कमी. एक पथ्य मात्र पाळायचं: दुकानात ठेवायची नाही. तिथे मिळणारे ९० रुपये छपाईतच संपतात. महिनाभर आगाऊ नोंदणी घ्या, पैसे आधी घ्या, कुरिअर वेगळं लावा. ३००च्या जागी १८०च नोंदी आल्या तर तेवढ्याच छापण्याचा दर आधीच विचारून ठेवा. ऑफसेटसारखा छपाईच्या प्लेट बनवायचा खर्च डिजिटलमध्ये नसतो, म्हणून हे जमतं. पुस्तकावर जीएसटी नाही, पण छपाईच्या बिलात लागलेला जीएसटी परतही मिळत नाही. कोटेशन करासकट आहे का ते बघून घ्या.

‘नफा पूरग्रस्तांना’ हे शब्द मुखपृष्ठावर नकोत. नफा उरलाच नाही तर ज्याने १५० रुपये दिले त्याची फसगत होते, तुमच्या मनात काही नसलं तरी. त्याऐवजी छापा: ‘प्रत्येक प्रतीमागे ४० रुपये’, आणि पुढे संस्थेचं नाव. मग छपाईसाठी प्रतीमागे ११० रुपये उरतात, २४६ प्रती गेल्या की २७ हजार वसूल. ३०० गेल्या तर १२ हजार मदतीला ठरलेलेच, शिवाय सहा हजार वर. त्यातून स्टॉलचं भाडं द्या. संस्थेचं नाव छापण्याआधी तिची लेखी संमती घ्या.

आता खरी गोष्ट. २७ हजार घालून मदतीला १२ ते १८ हजार निघणार. मदत हाच एक हेतू असता तर मी कॉमिक छापूच नका म्हटलं असतं. पण पुराची आठवण मुलांच्या हातात राहावी, नव्या चित्रकारांचं काम लोकांपुढे यावं, हाही हेतू आहे आणि तो मोलाचा आहे. म्हणून ३० हजार आजच थेट देणगी द्या, ३० हजारांत कॉमिक बसवा.

कुणाला द्यावं? ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री २५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ३५ फुटांच्या वर गेली, तेव्हा पहिल्या आठवड्यात पाणी, जेवण, ताडपत्री लागली. असे पैसे लगेच गोळा होतात आणि लगेच आटतातही. भिजलेलं शिलाई मशीन, वाहून गेलेली लारी (हातगाडी), मुलांची पुस्तकं यांची गरज नंतर कितीतरी महिने राहते. कॉमिकचे पैसे उशिराच येणार, तेव्हा घर-धंदा पुन्हा उभा करणारी संस्था शोधा.

मुख्यमंत्री निधी सुरक्षित आहे, १०० टक्के वजावटही मिळते, पण तुमचा पैसा परशुराम भठ्ठ्यासारख्या एखाद्या पूरग्रस्त वस्तीतच लागावा असं ठरवता येत नाही. मंडळाची पोरं पाण्यात उतरून काम करतात हे खरं, पण मंडळाच्या नावाचं खातं नसेल आणि कुणा एकाच्या यूपीआयवर पैसे जात असतील तर पैसे देऊ नका. हवं तर कपाटाचं किंवा मशीनचं बिल दुकानात स्वतः भरा. वस्तुरूप मदतीला करसवलत नाही, एवढं लक्षात असू द्या.

नोंदणीकृत संस्थेकडून धर्मादाय आयुक्तांचा नोंदणी क्रमांक, देणगीदाराला करसवलत मिळवून देणारी ८०जीची मंजुरी (मुदत तपासा) आणि दोन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब मागा. ताळेबंदात ‘पूर मदत निधी’ अशी ओळ शोधा. मागच्या आपत्तीचे बरेच पैसे तिथे तसेच पडून असतील तर कारण विचारा. पुनर्वसनाची कामं ठरलेली असतील तर हरकत नाही, उत्तरच मिळालं नाही तर पुढची संस्था बघा. प्रशासकीय खर्च कमी म्हणजे संस्था चांगली, असं मी मानत नाही. घरोघर पाहणी करणाऱ्या माणसाला पगार द्यावाच लागतो. पावतीवर ‘कॉर्पस’ लिहू देऊ नका, ती रक्कम मुद्दल म्हणून ठेवली जाते, वाटली जात नाही.

कराचं थोडक्यात. जुन्या करप्रणालीत असाल तर अशा संस्थेला दिलेल्या ३० हजारांपैकी ५० टक्के, म्हणजे १५ हजार वजा होतात (उत्पन्नाच्या १० टक्क्यांची मर्यादा आहे); २० टक्क्यांच्या टप्प्यात ३,१२० रुपये वाचतात. नव्या प्रणालीत काहीच नाही. २,००० रुपयांवर रोख दिलं तर वजावट जाते. कॉमिक घेणाऱ्याला मात्र सवलत मिळत नाही, कारण त्याने वस्तू विकत घेतलीय. तसा शब्द जाहिरातीत येऊ देऊ नका.

विक्रीसाठी वेगळं बचत खातं उघडा, पेन्शनच्या खात्यात पैसे मिसळू नका. स्टॉलवर दोन क्यूआर ठेवा: कॉमिकचा तुमचा, आणि नुसती देणगी देणाऱ्यांसाठी थेट संस्थेचा. विक्री संपल्यावर महिन्याभरात किती प्रती गेल्या, किती रक्कम कोणत्या तारखेला भरली, हे पावतीच्या फोटोसह नोंदणी केलेल्या प्रत्येकाला व्हॉट्सॲपवर पाठवा.