मूड आधी विचारा, मग वस्तू दाखवा

डिझाइन संशोधनात माणसाच्या भावना कशा मोजायच्या, याबद्दल आलेल्या पत्रांतले चार प्रश्न.

प्रश्न : एकाच अ‍ॅपला सकाळी आलेले लोक भरभरून गुण देतात, संध्याकाळी दमून आलेले नाकं मुरडतात. खरं कुणाचं मानायचं?

खोटं कुणीच बोलत नाही. पण त्या गुणांत अ‍ॅपचा वाटा किती, हे तुम्हाला अजून कळलेलं नाही. भावना कशावर तरी असते आणि बहुधा लवकर ओसरते. बटण दाबलं, काहीच झालं नाही, वैताग आला. मूडला असं बोट ठेवण्याजोगं कारण नसतं. तो तासन्‌तास रेंगाळतो आणि पुढ्यात येईल त्याला आपला रंग लावतो.

श्वार्त्स आणि क्लोर या मानसशास्त्रज्ञांचा १९८३ सालचा प्रयोग या बाबतीत प्रसिद्ध आहे. फोनवर लोकांना आयुष्याबद्दलचं समाधान विचारलं, तर पावसाळी दिवशी उत्तरं खालावली. आधी सहज हवामानाची चौकशी केली, तर हा फरक गेला. पुढच्या मोठ्या अभ्यासांत हवामानाचा असा परिणाम ठामपणे दिसला नाही, तेव्हा पावसावर फार भर देऊ नका. मूड गुणांत मिसळतो, ही सावधगिरी मात्र ठेवाच.

सहभागी येऊन बसला की वस्तू दाखवण्याआधी त्याचा मूड नोंदवून घ्या. ‘पिक-अ-मूड’ हे साधन सोयीचं आहे : आठ मूडची आठ चित्रं आणि एक तटस्थ, त्यातलं एक निवडायचं. हे शेवटी विचारलंत, तर उत्तरात तुमचं अ‍ॅपही आलंच. आणि विचारायचं तर सगळ्यांना, नाहीतर कुणालाच नको, कारण त्या प्रश्नानेच माणूस स्वतःच्या मूडबाबत सावध होतो. दोन डिझाइनची तुलना असेल, तर निम्म्यांना ‘अ’ आधी दाखवा, निम्म्यांना ‘ब’. सगळे ‘अ’ सकाळी आणि सगळे ‘ब’ संध्याकाळी उरकले असतील, तर ती आकडेवारी बाजूला ठेवा. कुठलंही गणित तिला वाचवणार नाही.

प्रश्न : कुणालाही विचारलं तरी ‘छान आहे’ एवढंच उत्तर येतं. पुढे काय करायचं?

‘छान’ हे बरेचदा तुमची भीड राखणारं उत्तर असतं. डिझाइन तुम्ही केलेलं नसेल, तर तसं सुरुवातीलाच सांगा. मग शब्दांऐवजी चित्रं द्या. मानसशास्त्रज्ञ ब्रॅडली आणि लँग यांनी १९९४च्या निबंधात मांडलेल्या ‘सॅम’ (सेल्फ-असेसमेंट मॅनिकिन) या मापनात माणसाच्या आकृत्यांवर खूण करून आपली भावना सांगायची असते. त्यात तीन ओळी असतात : सुखद की असुखद, शांत की उत्तेजित, आणि परिस्थिती आपल्या ताब्यात आहे की नाही. प्रत्येक ओळीत पाच आकृत्या असतात. दोन आकृत्यांमधली जागाही धरली तर नऊ पायऱ्या होतात.

घोळ दुसऱ्या आणि तिसऱ्या ओळीत होतो. पोटात स्फोट झाल्यासारखी आकृती लोक ‘मस्त’ या अर्थाने निवडतात, पण ती घाबरलेल्या माणसालाही तितकीच लागू पडते. तिसऱ्या ओळीतली मोठी आकृती म्हणजे ‘ताबा माझ्याकडे’. काहींना ती ‘माझ्यावर दडपण’ अशी वाटते. म्हणून ‘मध्यरात्री दाराची घंटा वाजली’ असा वस्तूशी संबंध नसलेला प्रसंग देऊन आधी एकदा सराव करून घ्या.

खूण झाली की लगेच विचारा : “ही खूण करताना कुठला क्षण डोळ्यांसमोर होता?” पैसे भरायच्या स्क्रीनवर चक्र फिरत राहतं, अंगठा बटणावर अधांतरी थांबतो आणि माणूस हसतो. ते हसू आनंदाचं असेलच असं नाही. ‘पैसे दोनदा जातील का?’ हे त्याच्या तोंडून याच प्रश्नाला बाहेर येतं.

प्रश्न : घामाचा सेन्सर असलेला मनगटी पट्टा घ्यावा का?

आठ-दहा जणांच्या चाचणीसाठी नको. हा पट्टा घामाने बदलणारी त्वचेची विद्युतवाहकता मोजतो. ती उत्तेजना दाखवते, पण ती सुखद की असुखद हे नाही. दचकणं आणि हरखणं तिथे सारखंच दिसतं. प्रतिसाद एक ते तीन सेकंद उशिरा येतो, त्यामुळे भलत्याच बटणावर खापर फुटतं. हात हलला तरी रेषा उसळते, आणि मनगटापेक्षा बोटांवर संकेत सहसा स्पष्ट मिळतो. तोच पैसा नोंदी घेणाऱ्या दुसऱ्या माणसावर घाला.

प्रश्न : दहा दिवस वस्तू वापरायला दिली, तर रोज विचारायचं की शेवटी एकदाच?

दोन्ही, कारण ती दोन वेगळी मोजमापं आहेत. मानसशास्त्रज्ञ काह्नेमान आणि सहकाऱ्यांच्या १९९३च्या प्रयोगात लोकांनी एकदा १४ अंश सेल्सियसच्या पाण्यात ६० सेकंद हात ठेवला. दुसऱ्यांदा तेवढंच करून वर आणखी ३० सेकंद, पाणी हळूहळू १५ अंशांपर्यंत नेत. पुन्हा करायची वेळ आली, तेव्हा बहुतेकांनी लांबलेला त्रास निवडला. शेवट जरा सुसह्य होता, एवढंच कारण. तुमची वस्तू पुन्हा घ्यायची की नाही, हे ठरवताना माणूस बरेचदा अशाच आठवणीवर विसंबतो. दुरुस्ती नेमकी कुठे करायची, हे मात्र रोजच्या नोंदींतून कळतं.

रोजची नोंद वापरानंतर लगेच, अर्ध्या मिनिटात संपेल अशी ठेवा : काय करत होतात, कसं वाटलं, कशामुळे. लांबलचक रकाने दिले की लोक रात्री बसून आठवणीने सगळं एकदम भरतात, म्हणून प्रत्येक नोंदीवर वेळ आपोआप पडू द्या. दहाव्या दिवशी नोंदी न दाखवता आधी आठवण विचारा. मग नोंदी समोर ठेवा आणि जिथे दोन्ही जुळत नाहीत, तिथूनच मुलाखत सुरू करा.