जीआरईचा स्कोअर बेताचा आहे, अर्ज करू का?

दिवाळीचा फराळ संपत आला की माझ्याकडे एकच प्रश्न वेगवेगळ्या तोंडून येऊ लागतो. ‘मॅडम, जीआरई बेताचीच झाली. अमेरिकेत एमएससाठी अर्ज करू की नको?’ (जीआरई ही एमएससारख्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांच्या प्रवेशासाठीची परीक्षा.) बऱ्याच मुदती डिसेंबर-जानेवारीत असतात, त्यामुळे घाई असते आणि उत्तर हो किंवा नाही एवढंच हवं असतं. ते मी लगेच देत नाही.

श्रुतीचंच घ्या (नाव बदललं आहे). मेकॅनिकल इंजिनिअर, चाकणला नोकरी, ३४० पैकी ३०६. चुलतभावाला ३२५ मिळाले होते, हे तिने स्वतःच्या स्कोअरच्या आधी सांगितलं.

‘म्हणजे माझी लायकीच नाही ना, मॅडम?’

‘परीक्षेत काय काय तपासलं?’

‘गणित, इंग्रजी, एक निबंध.’

‘किती वेळात?’

‘दोन तासांच्या आत.’

‘आणि लायकी कोणत्या सेक्शनला होती?’

ती हसली. पण हसून सुटत नाही. मी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसच्या विवेकनिष्ठ पद्धतीने समुपदेशन करते. गुण कामगिरीला द्यावेत, माणसाला नाही, हे माझं पालुपदच. श्रुतीला ते पटायचं आणि रात्री ती पुन्हा मोबाइलवर इतरांचे ॲडमिट-रिजेक्ट चाळत बसायची. म्हणून एकदा म्हटलं, ‘समज, तुला ३२५ मिळालेत. अर्जासोबत जे जे पाठवशील, ते सगळं पुढच्या वेळी घेऊन ये.’

ती लॅपटॉप घेऊन आली. एसओपीच्या, म्हणजे ‘हे का शिकायचंय’ सांगणाऱ्या निवेदनाच्या, फाइलमध्ये दीड ओळ: लहानपणापासून यंत्रांची आवड वगैरे. शिफारसपत्रासाठी कुणाला विचारलेलं नव्हतं. विद्यापीठांची यादी चुलतभावाच्या एक्सेलमधून जशीच्या तशी उचललेली. बराच वेळ ती त्या दीड ओळीकडे बघत राहिली. मग म्हणाली, ‘३२५ असते तरी मी इथेच अडकले असते.’

अशा वेळी मी गप्प बसते. हे जमायला मला बरीच वर्षं लागली. स्कोअर वाईट आहे तोवर ‘एमएस कशासाठी?’ याचं उत्तर कुणी मागत नव्हतं, तीही स्वतःकडे मागत नव्हती. ते तिला दिसलं होतं. मी बोलले असते तर ते माझं झालं असतं.

नंतर एवढंच विचारलं, ‘कामाच्या नादात डबा खायचा कधी राहिला?’ तर सायलेन्सरच्या एका ब्रॅकेटची गोष्ट निघाली. वेल्डजवळ सारखा तडा जायचा. सगळे म्हणत, जाडी वाढवा. हिने कंपनं मोजली. इंजिनाच्या एका ठरावीक वेगाला तो ब्रॅकेट जोरात थरथरत होता. आकार बदलल्यावर तडे थांबले. हे सांगताना तिच्या एकाही वाक्याच्या शेवटी ‘ना, मॅडम?’ आलं नाही. एसओपी तिथूनच सुरू झाला आणि शिफारसपत्र त्या वेळच्या मॅनेजरनेच दिलं.

आता स्कोअरचं. विद्यापीठातल्या त्या त्या विभागाचं वेबपान स्वतः उघडून वाचा. कुठे जीआरई सक्तीची, कुठे ऐच्छिक, तर कुठे स्वीकारतच नाहीत. ऐच्छिक असेल आणि स्कोअर तुमची बाजू पडती करत असेल, तर पाठवू नका. परीक्षा २१ दिवसांनी पुन्हा देता येते, पण आधी काय चुकलं ते कळलं असेल तरच द्या. नुसती धाकधूक घेऊन दिली तर फी वाया. परीक्षा घेणारी ईटीएस स्वतःच विद्यापीठांना सांगते, की केवळ या गुणांवर निर्णय घेऊ नका. म्हणून स्कोअर गौण आहे, असं मात्र मी म्हणणार नाही. जिथे तो मागतात तिथे तो बघतातही. असे एक-दोनच अर्ज ठेवा.

श्रुतीच्या वडिलांचा मुद्दा वेगळा होता, कर्जाचा. तो मी स्कोअरच्या चर्चेत मिसळू दिला नाही. किती कर्जापर्यंत जायचं, तो आकडा घरात अर्जाआधीच कागदावर लिहा, म्हटलं. त्यांनी लिहिला. श्रुतीने पाच अर्ज केले. दोन नकार आले, एक होकार. होकाराचा खर्च त्या आकड्यात बसत नव्हता, तेव्हा तिने तो स्वतःहून सोडला. बाकी दोन उत्तरं अजून यायची आहेत.