आईचा तास कापू नकोस

प्रिय मुली,

काल फोनवर तू वैतागली होतीस. "ताई, मुलाला दिलेले घरचे व्यायाम अर्धेच होतात आणि त्याच्या आई मात्र रोज संध्याकाळी तासभर उपवन तलावाला फेऱ्या मारतात. त्यांना काय सांगू?" काही सांगू नकोस. फिरू दे.

त्या मुलाला सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूच्या इजेमुळे स्नायूंवर ताबा नाही, अंगात ताठरपणा आहे. त्याला भरवताना एकदा शांतपणे बघ. आईच्या डोक्यात कुकर, सासूबाईंची औषधं, उद्याची रिक्षा असं सगळं असलं की घास जवळ येण्याआधीच त्याची मूठ आवळते. चमचा दातांत अडकतो, आई ओढते, तो रडतो, अंग आणखी ताठतं. तीच आई फिरून आली असेल तर घास धरून क्षणभर थांबते, आणि तेवढ्यात त्याचा जबडा सैल होतो. ज्याला बोलता येत नाही, ते मूल दिवसभर आईचे हातच वाचत असतं. आईचा हा फिरण्याचा तास म्हणजे त्याचीच थेरपी आहे. तो कापू नकोस.

२००६ मध्ये मानसशास्त्रज्ञ निर्भय सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांच्या आयांना १२ आठवडे सजगता, म्हणजे शांतपणे आत्ताच्या क्षणाकडे लक्ष देणं, शिकवली. मुलांचं मारणं, स्वतःला इजा करून घेणं कमी झालं. आया तीनच होत्या, त्यामुळे हा शेवटचा शब्द नव्हे. पण आम्ही वर्गात जे रोज बघत होतो, तेच त्यात होतं.

म्हणून लगेच कागदावर 'रोज प्राणायाम करा' असं लिहू नकोस! तिच्या कामांत आणखी एकाची भर कशाला? तास उपदेशाने मिळत नाही गं, मूल सांभाळणारं दुसरं कुणी असलं की मिळतो. आणि हे सगळं तिला दोष द्यायला वापरलंस तर माझ्याशी गाठ आहे. आईच्या थंडपणामुळे मूल स्वमग्न होतं, असं एके काळी मोठमोठे डॉक्टर सांगत. ते साफ चूक होतं, पण किती आयांनी ते उरावर वागवलं.

मी आयांना थेरपीच्या वेळेत "बाहेर जाऊन झोपा" म्हणायचे. संस्थेत त्यावरून बोलणी खाल्ली, पालकांचा सहभाग मी बिघडवते म्हणे. मी हटले नाही, आजही हटणार नाही. त्यांच्यासाठी एक साधी खोली मात्र शेवटपर्यंत मिळवता आली नाही. पिशव्या मांडीवर घेऊन त्या जिन्यातच डुलक्या काढायच्या. ते अजून सलतं.

एक लक्षात ठेव. झोप उडालेली, जेवणावरची वासना गेलेली, "आम्ही दोघं नसतो तर बरं" असं काही कानावर आलं, तर तिथे फिरणं पुरणार नाही. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ लाव, मानसोपचाराच्या ओपीडीत स्वतः सोबत जा. आणि निरामयचा, म्हणजे अशा मुलांसाठीच्या सरकारी आरोग्यविम्याचा, अर्ज भरलाय का विचार. १ लाखापर्यंतचं विमासंरक्षण आहे, त्यात थेरपीही येते. पैशाच्या काळजीनेही रात्री जागून निघतात.

सोमवारी तो व्यायामांचा कागद नव्याने लिही. सगळ्यात वर आईचा तास, खाली जेमतेम तीन व्यायाम, तेही आंघोळ आणि जेवणात बसतील असे. रविवारी वडिलांना बोलावून भरवायला शिकव. कुरकुर करतील. केली तर फोन माझ्याकडे दे, मी बोलते त्यांच्याशी.

तुझी,
ताई