बादलीतले खत: नव्याने सुरुवात करणाऱ्यास

घरी खत करण्यासाठी आरंभीच महागडा संच घेऊ नये. तळाला व बाजूंना भोके पाडलेली जुनी बादली पुरते. भाज्यांचे देठ, फळांच्या साली आणि साखर निघेल इतका धुतलेला चहाचा चोथा टाकल्यावर त्यावर तेवढाच वाळका पालापाचोळा पसरावा, कारण ओल्या कचऱ्यात नत्र (नायट्रोजन) व पाणी जास्त असते, तर कर्ब (कार्बन) आणि हवा खेळण्यापुरती पोकळी सुक्या पानांतून मिळते. दुर्गंधी आली, तर बहुधा हवा कमी पडली आहे असे समजून ढीग वरखाली करावा व सुकी पाने वाढवावीत. पावसाळ्यात हा त्रास हमखास होतो, म्हणून पानगळीतच सुक्या पानांचे पोते भरून ठेवावे; सोसायटीचे अंगण झाडणाऱ्यांना या पानांचे ओझेच वाटत असते, त्यामुळे ती मागितली तर ते देतील. मासळी आणि तेलकट उष्टे तूर्त टाळावे.